दिघ्याच्या विहारातला न्यूट्रॉन तारा

अंबाजोगाईच्या स्टँडवर मला सोडायला आलेल्या शेजारच्या काकूंनी गाडी सुटता सुटता विचारलंच, "तारे बघायला मुंबईला चाललात म्हणे? आपल्याकडचे संपले का?"

काकूंचं चुकत नव्हतं. आमच्या गावाबाहेर पाच मिनिटं चाललं की आकाश अजून काळं मिळतं. पंचवीसेक वर्षं मी तिथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, आणि दर हिवाळ्यात मुलांना बालाघाटाच्या पठारावर नेऊन दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवते. आणि आता मी निघाले होते नवी मुंबईला, जिथे रात्री आकाशाचा रंग पिवळट नारिंगी असतो आणि चांदण्या बोटांवर मोजाव्या लागतात.

कारण होती वैशाली साबळे. आठ-दहा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी. केज तालुक्यातल्या एका वाडीवरून रोज एसटीने यायची. लग्न होऊन ती ऐरोलीला गेली, तिथल्या एका कंपनीच्या बॅक ऑफिसात लागली, आणि गेल्या वर्षभरापासून सुट्टीच्या दिवशी शेजारच्या दिघ्यात आठवी ते दहावीच्या मुलींना काहीतरी शिकवते एवढंच मला ठाऊक होतं. मग तिचा फोन आला.

"मॅडम, आपल्या देशाचा तो खगोल उपग्रह आहे ना, त्याचा डेटा सगळ्यांसाठी खुला असतो. माझ्या मुलींनी तो उघडलाय. स्वतः. रविवारी इथल्या बुद्धविहाराच्या कमिटीपुढे दाखवणारेत. तुम्ही या."

"मी येऊन काय बोलू?"

"काहीच नाही. तुम्ही फक्त बसायचं. बोलायचं नाही हं मॅडम, प्लीज."

जन्मभर बोलण्याचं काम केलेल्या बाईला न बोलण्यासाठी कुणी चारशे किलोमीटरवरून बोलावतं म्हटल्यावर जाणं भागच होतं.

गाडीने पहाटे वाशीला महामार्गावर उतरवलं. हवेत गारवा होता, पण आमच्याकडचा कोरडा गारवा नव्हे. त्याला खाडीचा ओलसर वास होता. मी रिक्षात बसले आणि आत्मविश्वासाने सांगितलं, "सेक्टर पाच." रिक्षावाल्याने मीटर टाकला. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, एकसारख्या इमारती, चौकाचौकांत कारंजी. शहर आधी कागदावर काढून मग जमिनीवर ठेवल्यासारखं दिसत होतं. थोड्या वेळात त्याने एका सोसायटीपुढे रिक्षा थांबवली. वॉचमनला वैशालीचं नाव सांगितलं. असं कुणी नाही. इमारतीचं नाव सांगितलं. अशी इमारतही नाही.

"मॅडम, नोड कुठला?" रिक्षावाला म्हणाला.

"म्हणजे?"

"अहो, ये कोपरखैरणे का सेक्टर पाच. ऐरोलीला अलग सेक्टर पाच, घणसोलीला अलग. नुसतं सेक्टर बोलून कसं चालेल? टेन्शन नका घेऊ, पण माझी गाडी आता इथनंच परत. दुसरी बघा."

तेव्हा मला कळलं की या शहरात आकड्याआधी गाव सांगावं लागतं. इथे गावांनाच नोड म्हणतात.

दुसरी रिक्षा शोधत बॅग ओढत मी चालत राहिले, आणि दोन वळणांनंतर सरळ रस्ते एकदम संपले. गल्ल्या वाकड्या झाल्या, घरं एकमेकांना टेकली, एका ओट्यावर तुळस, दुसऱ्यावर जाळं वाळत घातलेलं. नव्या शहराने चारी बाजूंनी वेढलेलं हे जुनं गाव, बोनकोडे. एका दारात एक वयस्क आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझी अवस्था बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बस गो बाय. आदी पानी पी. कुठं जायाचा हाय?"

"ऐरोलीला. चुकले मी."

"सगलीच चुकतान. आमची पोरा पन चुकतान."

त्यांचं नाव हिराबाई पाटील. पाणी आलं, पाण्यामागून चहा आला, आणि चहामागून तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेल्या बारीक कोळंबीची झणझणीत चटणी). मी सकाळी सात वाजता मासळी खाईन असं आयुष्यात वाटलं नव्हतं. दुसरी भाकरी मात्र मी मागून घेतली. त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं, तिथे आता इमारती आहेत असं त्यांनी सांगितलं. स्वरात तक्रार नव्हती. नातू त्यातल्याच एका इमारतीत राहतो, म्हणाल्या.

मी कशाला आले ते सांगितल्यावर हिराबाई विचारात पडल्या. "त्यो वर फिरनारा यंत्र आपलाच हाय?"

"आपलाच. आपल्याच लोकांनी बनवला, आपणच सोडला."

"आनि त्याचा सगला कुनीबी बगू शकतं? फुकट?"

"हो. ज्या शास्त्रज्ञांनी मागणी केलेली असते त्यांना काही महिने आधी मिळतं. मग सगळ्यांना."

"ह्यो बरा हाय," त्या म्हणाल्या, आणि नातवाला फोन करून मला ऐरोलीला सोडायला स्कूटर मागवली. माझं कुठलंही व्याख्यान इतक्या कमी शब्दांत कुणाला पटलेलं मला आठवत नाही.

वैशाली फाटकात उभी होती. कॉलेजात असताना ती वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. आता तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, केस कापलेले, आणि बोलणं इतकं भरभर की माझ्या मराठवाडी कानांना पहिला तास धावावं लागलं. "मॅडम, सोसायटीत लिफ्ट बंद आहे, सॉरी, चौथा मजला, पण हवा मस्त आहे." नवरा पुण्याला प्रशिक्षणाला गेलेला. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर एक छायाचित्र टांगलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर निळी-जांभळी चक्राकार दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं शहर.

"छान आहे. कुठून घेतलंस?"

"घेतलं नाही मॅडम. बनवलं. मुलींनी आणि मी."

मी पुढे जाऊन पाहिलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांत टिपलेल्या दोन प्रतिमा. एकीला निळा रंग दिलेला, दुसरीला पिवळा, आणि दोन्ही एकमेकींवर बसवलेल्या. कडेचे ठळक निळे ठिपके म्हणजे नुकतेच जन्मलेले, तापलेले तारे. हे किरण जमिनीवर पोहोचतच नाहीत, हवा ते वरच्या वर अडवते. कितीही काळ्या आकाशाखाली कितीही मोठी दुर्बीण लावली तरी बालाघाटाच्या पठारावरून मला हे चित्र मिळालं नसतं. ते वरूनच घ्यावं लागतं. आणि एकदा वरून घेतलं की ते अंबाजोगाईत काय, ऐरोलीत काय, सारखंच उघडतं.

हे मी मुलांना अनेकदा सांगितलेलं. पण एखाद्या विद्यार्थिनीच्या घरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी ते टांगलेलं बघणं वेगळं. मला चष्मा पुसावा लागला.

शनिवारी वैशालीला अर्धा दिवस काम होतं. दुपारी ती मला खाडीकडे घेऊन गेली. तिवरांची (खाऱ्या पाण्यातली झाडं) दाट हिरवी भिंत, मागे मुलुंडकडे जाणारा पूल, आणि ओहोटीच्या चिखलात शेकडो रोहित पक्षी चोची खुपसून उभे. लांबून गुलाबी रांगोळी फिसकटल्यासारखे. आमच्या मागे काचेच्या उंच इमारती होत्या. त्यातल्याच एकीत वैशाली दिवसभर परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासते.

"दिवसभर आकडे बघते मी मॅडम. दुसऱ्यांचे. एक दिवस वाटलं, आकडेच बघायचे तर आपले बघू."

मग तिने मला अडचण सांगितली. दिघ्याच्या विहारात वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथे सकाळपासून बसतात. कारण दिघ्यातली घरं लहान, एका खोलीत पाच-सहा माणसं, अभ्यासाला दुसरी जागा नाही. तिथेच एक चांगला संगणक आहे आणि इंटरनेट आहे. मुलींना ही जागा तात्पुरती, जमेल तशी मिळत होती. कायमची दर रविवारी मिळावी असा अर्ज वैशालीने केला होता. कमिटीचे सचिव गायकवाड काका तयार नव्हते.

"वाईट माणूस नाही मॅडम. अभ्यासिका त्यांनीच उभी केलीय, घरोघर फिरून. ते म्हणतात, तिथे बसून पोरं तलाठी होतात, पोलिसात लागतात. तुझ्या तार्‍यांतून काय होणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, रविवारी बघायला या. नाही पटलं तर परत मागणार नाही." ती पक्ष्यांकडे बघत राहिली. "नाही म्हणाले तर मुली सुटतील मॅडम. माझ्या घरी आठ जणी मावत नाहीत. आणि यांच्यातल्या दोघींना दहावीनंतर पुढे शिकवायचं की नाही याच्या गोष्टी घरात सुरू झाल्यात."

मी काही बोलले नाही. तसा करारच होता.

रविवारी सकाळी आम्ही दिघ्याला गेलो. ऐरोलीपासून जवळच, पण दुसरं जग. डोंगराच्या उतारावर एकावर एक चढलेली घरं, मधून दोन माणसं जेमतेम जातील अशा वाटा, डोक्यावर तारांचं जाळं, दारोदारी पाण्याची पिंपं. कुठे मासळीचं कालवण, कुठे येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) आमटी. एकाच गल्लीत कोकण आणि मराठवाडा शेजारी शेजारी शिजत होते. कारखान्यांत काम करणारी ही वस्ती. रविवार असल्याने माणसं घरी होती, आणि प्रत्येकजण वैशालीला "जय भीम, ताई" म्हणत होता.

आधी आम्ही प्रज्ञाच्या घरी थांबलो. प्रज्ञा नववीत. सडपातळ, दोन वेण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिची आई संगीता घरी शिवणकाम करते. मी अंबाजोगाईची म्हटल्यावर तिने मशीनच सोडलं.

"अंबाजोगाईच्या? म्हंजे आमच्याच की ओ! माझं माहेर धारूरकडं. आता तुमी जेवल्याबिगर जायचं न्हाई."

जमिनीवर कागदाची एक लांबलचक पट्टी पसरली होती. दोन बोटं रुंद, पण लांब इतकी की खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाऊन वळलेली. तिच्यावर एक आलेख छापलेला, वर खाली, वर खाली, डोंगररांगेसारखा.

"ही रात्रंदिवस चिकटवायलीय," संगीता म्हणाली. "सरळ येईना तर मी माझ्या टेपानं धरून दिली. आता हे काय हाय ते तीच सांगंल."

"नंतर सांगते," प्रज्ञा म्हणाली. "विहारात."

मी पट्टी बघून ओळखलं होतं. दक्षिणेच्या आकाशात एक जोडतारा आहे. एक राक्षसी मोठा तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एक न्यूट्रॉन तारा. हा न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, एखाद्या शहराएवढाच लहान, पण वजनाला सूर्याहून जड. तो स्वतःभोवती फिरतो, आणि दीपगृहाचा झोत यावा तसे त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून क्ष-किरण आपल्याकडे येतात. एका फेरीला त्याला पावणेपाच मिनिटांच्या आसपास लागतात. उपग्रहाने ते किरण मोजले, मुलींनी त्या मोजणीचा वेळेनुसार आलेख काढला. कागदावरचे डोंगर म्हणजे त्या ताऱ्याचे झोत.

विहाराच्या तळमजल्यावरच्या सभागृहात कार्यक्रम होता. समोर शांत पांढरी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे झेंडूची फुलं, एका भिंतीला पडदा लावलेला. मुलींच्या आया, शेजारी, अभ्यासिकेतली काही मुलं आणि पहिल्या रांगेत कमिटी. गायकवाड काका मधोमध. पांढरा स्वच्छ सदरा, कडक इस्त्री, हातात गुंडाळलेला पेपर. महाडकडचे. एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला नमस्कार केला आणि सरळच म्हणाले, "मॅडम, तुम्ही लांबून आलात, आनंद आहे. पण राग मानू नका, तुमच्याकडे बघून मी हो म्हणणार नाही."

"म्हणूही नका," मी म्हटलं. एवढं बोलायला हरकत नव्हती.

त्रिशरण-पंचशील झालं आणि मुली उठल्या. आधी ती निळी दीर्घिका पडद्यावर आली. आयांनी टाळ्या वाजवल्या. मग एका मुलीने एक आलेख दाखवला. त्यात मधे मधे मोकळ्या जागा होत्या. ती म्हणाली, "इथे आलेख तुटलाय. आम्हाला वाटलं आमचंच काहीतरी चुकलं. पण उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतो ना, दीड तासाच्या वर थोड्या वेळात एक फेरी. मधे पृथ्वी आडवी आली की तारा दिसत नाही. आणि समुद्रावरच्या एका भागात किरणोत्सार जास्त असतो, तिथे यंत्र स्वतःला बंद करून घेतं. म्हणून या खिडक्या."

गायकवाड काका पेपर गुंडाळत, उलगडत होते.

मग प्रज्ञा आली. तिने पडद्यावर आपला डोंगराचा आलेख लावला आणि सांगितलं की हा एक फिरणारा तारा आहे, आणि तो किती वेळात फिरतो ते आम्ही शोधून काढलंय.

काकांनी हात वर केला. "बाळ, पडद्यावर काहीही दाखवता येतं. माझ्या मोबाइलवर रोज सकाळी कुणी ना कुणी चंद्रावर उतरतं. हे तुम्ही केलं कशावरून?"

सभागृहात हसू फुटलं. वैशालीने खुर्चीचा हात घट्ट धरला. पण प्रज्ञाने शांतपणे संगणक बंद केला, पिशवीतून ती कागदाची पट्टी काढली आणि पाण्याची एक स्टीलची उंच बाटली काढली.

"काका, मग पडदा नको. तुम्हीच करा."

तिने पट्टीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि बाटलीवर तिरकी गुंडाळायला लावली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या शेजारी बसेल अशी, जखमेवर पट्टी बांधतात तशी. काका उभे राहिले. सगळे पुढे सरकले. पट्टी बाटलीभर चढली आणि एकेक डोंगर बरोबर दुसऱ्या डोंगराच्या खाली आला. बाटलीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत सरळ उभ्या रेघा तयार झाल्या.

"बाटलीच्या घेराएवढ्या कागदावर जेवढा वेळ मावतो तेवढ्यात तारा एकदा फिरतो," प्रज्ञा म्हणाली. "घेर चुकला असता तर डोंगर तिरके गेले असते."

काका बाटली फिरवून बघत राहिले. "म्हणजे मापाची बाटली आणलीस."

"हो. पाच-सहा बाटल्या करून बघितल्या. हीच जुळली."

"दुसरं काही जुळणारच नाही?"

"नाही."

"बघू." काका मागे वळले. "अरे, आतून एक लाटणं आणा कुणीतरी."

स्वयंपाकघरातून लाटणं आलं. काकांनी पट्टी उकलली आणि स्वतःच लाटण्यावर गुंडाळायला घेतली. लाटणं लहान, अर्धीच पट्टी मावली. गुंडाळून झाल्यावर त्यांनी ते वर धरलं. डोंगराखाली डोंगर. सरळ रेघ. लाटण्यावरही जुळलं होतं.

"आता सांग," काका म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती, पण सचिवाचा सूर होता. "तुझा तारा बाटलीएवढा, की लाटण्याएवढा?"

प्रज्ञाचा चेहरा उतरला. हे तिने करून पाहिलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. मागून कुणाची तरी आई हळूच म्हणाली, "बस गं आता, झालं." अभ्यासिकेतली मुलं एकमेकांकडे बघू लागली. वैशाली उठायला निघाली. उत्तर तिला येत होतं, मलाही येत होतं, आणि ते माझ्या जिभेवर इतकं आलेलं होतं की मी ओठ आवळून धरले. मी वैशालीचा हात धरला आणि तिला खाली बसवलं. ती रागाने माझ्याकडे बघायला लागली.

प्रज्ञा लाटण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, जरा तसंच धरा हं." तिने ते काकांच्या हातातच फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. नाक कागदाला टेकेल इतकी जवळ गेली. बाटली उचलली, खाली ठेवली. कंपासपेटीतून लाल पेन काढलं आणि लाटण्यावरच्या डोंगरांच्या शिखरांवर खुणा करायला लागली. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मग ते हळूहळू ऐकू यायला लागलं.

"हा मोठा. हा बुटका. हा मोठा. हा बुटका."

ती थांबली. मान वर केली तेव्हा डोळे असे चमकत होते की मी आयुष्यभर ते विसरणार नाही.

"काका, हे सगळे डोंगर सारखे नाहीत! बघा ना. एक मोठा, एक बुटका, असे आलटूनपालटून आहेत. लाटण्यावर मोठ्याच्या खाली बुटका आलाय. म्हणजे जुळल्यासारखं दिसतंय, पण जुळलेलं नाही. आणि बाटलीवर मोठ्याखाली मोठा होता, बुटक्याखाली बुटका. लाटणं म्हणजे अर्धीच फेरी."

"एका फेरीत दोन डोंगर कसे?" काकांनी विचारलं.

तिने जागच्या जागी दोन पावलं टाकली. "माणूस चालतो तेव्हा एक पाय, मग दुसरा पाय. आवाज दोन येतात, पण माणूस एकच ना? लोहचुंबकाला दोन टोकं असतात. त्या ताऱ्यालाही असतील. एक टोक आपल्याकडे सरळ बघत असेल, एक तिरकं. म्हणून एक मोठा, एक बुटका."

काकांनी बाटली मागून घेतली. उरलेली अर्धी पट्टी तिच्यावर गुंडाळली, अर्धी लाटण्यावर तशीच, दोन्ही हातांत दोन. एकदा हे बघ, एकदा ते. चष्मा कपाळावर सरकवला. मग ते सभागृहाकडे वळले, आणि म्हणाले,

"परत सांग. मागच्यांना ऐकू जाईल असं."

तिने परत सांगितलं. या वेळी खणखणीत आवाजात. मागे उभ्या असलेल्या संगीताने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं ती रडते आहे, म्हणून मी जवळ गेले, तर ती हसत होती. "मॅडम, मला कायच कळलं न्हाई," ती म्हणाली, "पर तिला कळलं."

जेवण विहारातच होतं. भात, आमटी, वांग्याची भाजी आणि वर जिलबी. गायकवाड काका ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"आमच्या कारखान्यात तापमानाचा असाच कागद फिरायचा," ते म्हणाले. "मी वर्षानुवर्षं बघितला. सगळं ठीक दिसतंय म्हणणारे खूप असतात मॅडम. एक मोठा आणि एक बुटका आहे, हे बघणारं माणूस लागतं." मग जिलबीचा तुकडा मोडत सावकाश म्हणाले, "रविवारी दुपारी तीन ते सहा. संगणकासकट. पण परीक्षा जवळ आल्या की पोरांना जागा सोडायची. ते मी बदलणार नाही."

"हे वैशालीला सांगा," मी म्हटलं.

"तिला सांगितलं. ती म्हणाली मॅडमना पण सांगा."

अभ्यासिकेतल्या दोन मुलांनी मुलींना विचारलं, हा डेटा आम्हाला दाखवाल का, आणि मुलींनी अत्यंत गंभीरपणे त्यांना पुढच्या रविवारची वेळ दिली. आठ मुलींचा तो रुबाब बघून वैशाली भिंतीला टेकून हसायला लागली. कॉलेजात ती अशी हसलेली मला आठवत नाही. मला एवढंच कळलं की आपण जे पेरतो ते कुठल्या डोंगरउतारावर उगवेल ते सांगता येत नाही, आणि उगवलेलं बघायला मिळणं हे फार मोठं भाग्य आहे.

संध्याकाळी मुली मला सोडायला मुख्य रस्त्यापर्यंत आल्या. प्रज्ञाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला उत्तर येत होतं का?"

"येत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या वैशालीताईने मला बोलायला बंदी घातली होती."

ती हसली, मग म्हणाली, "बरं झालं."

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. खोपोलीचा घाट चढून गेल्यावर एकेक चांदणी दिसायला लागली. मी त्यांच्याकडे बघत होते, पण मन तिकडे नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मुलांना आकाश द्यायचं म्हणजे त्यांना अंधारात न्यायचं, दुर्बीण द्यायची, बोट दाखवायचं. ते सगळं चांगलंच आहे आणि मी ते सोडणार नाही. पण माझ्या देशाने वर एक डोळा बसवला आहे, त्याने पाहिलेलं सगळं सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आहे, आणि दिघ्याच्या एका खोलीत कुणीतरी त्याची पट्टी करून शिवणाच्या टेपाने सरळ धरली आहे. या गोष्टीचा मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईंना उठवून सांगावंसं वाटलं. त्या झोपल्या होत्या, म्हणून राहिलं.

सकाळी घरी पोहोचले तेव्हा शेजारच्या काकू ओट्यावर होत्या.

"आलात? समुद्र बघितला का?"

"नाही."

"मोठी मोठी दुकानं?"

"नाही हो."

"मग एवढ्या लांब जाऊन बघितलं तरी काय?"

मी बॅग खाली ठेवली.

"एक मुलगी बघितली," मी म्हटलं. "सगळ्या माणसांसमोर उभी होती, उत्तर येत नव्हतं, आणि ती विचार करत होती."